राख गार होती

॥ श्री ॥
डोंगरावरची चौकी, भंडारदरा
दि. ९ मार्च २०२५

ति. अण्णांना,
दिशाचा शि. सा. न. वि. वि.

मी इथे सुखरूप पोहोचले. तुम्हाला ऐकू येत नाही आणि इथे मोबाईलला रेंज नाही, तेव्हा आपल्या दोघांची गाठ पोस्टाशिवाय पडायची नाही. वनरक्षक सुनीलदादा आठवड्यातून एकदा शिधा आणायला मोटारसायकलवर खाली जातात. त्यांच्याजवळ पत्र देत जाईन.

जूनपर्यंत मी इथली हंगामी मदतनीस. वणवा पसरू नये म्हणून जंगलात आधीच गवत जाळून एक पट्टा मोकळा केलेला असतो, त्याला जाळरेषा म्हणतात. त्यावर पडलेला पाला सकाळी झाडायचा, पाणवठ्यातला गाळ काढायचा आणि अकरा ते चार मचाणावर बसून कुठे धूर दिसतो का ते बघायचं. दिसला की वॉकीटॉकीवर कळवायचं. मचाण सोडायचं नाही, हा इथला सगळ्यात कडक नियम आहे.

दुपार फार सुनी जाते. उसाच्या फडात अंग मोडायचं, पण आजूबाजूला माणसं असायची. इथे पाचोळ्यात सरडा हलला तरी दचकायला होतं. पण कल्याणदादाबरोबर चार हंगाम ऊस तोडल्यावर हातात कोयता नाही असा हा पहिलाच हंगाम. वनखात्याचे इथले साहेब म्हणाले की काम चोख झालं तर पुढच्या वर्षीही बोलावू, आणि चार-पाच वर्षांनी कायमचंही होऊ शकतं. अण्णा, मला फडात परत जायचं नाही, हे तुम्हाला आताच लिहून ठेवते.

चौकीच्या खाली एकच घर आहे. लंकाबाई म्हणून साठीच्या पुढची बाई तिथे एकटी राहते. माझी भाकरी बघून ती म्हणाली की असली भाकर तर तिचं वासरूबी खायचं न्हाई. तेव्हापासून तिच्या नागलीच्या भाकरीवर माझं चाललंय. बनुकाकूंना माझा नमस्कार सांगा.

तुमची माया आहे तशी राहू द्या, मला इथे तिचाच आधार आहे.
तुमची, दिशा

॥ श्री ॥
पाथर्डी
दि. १८ मार्च २०२५

चि. दिशास,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळाले. तीनदा वाचले, मग शेळ्यांना वाचून दाखवले. त्यांनी काही हरकत घेतली नाही. तुझ्या भाकरीबद्दल त्या बाई जे म्हणाल्या ते मी इतकी वर्षं तोंडात धरून होतो, आज कुणीतरी बोललं.

गल्लीत निम्म्या दारांना कुलपं आहेत, तोडीला गेलेली माणसं अजून परतलेली नाहीत. कल्याण सुप्याहून सुट्टीला आला होता. कंपनीत दिवसभर उभं राहून पाय सुजतात म्हणाला, म्हणजे वहीत लिहून दाखवलं. माझं बरं चाललंय. बनुबाई रोज सकाळी ताकाचा तांब्या आणून ठेवते. छगन, तिचा नवरा आणि माझा विहिरी खोदायच्या कामातला जोडीदार, गेल्याला अठरा वर्षं झाली, पण तिचं ताक काही चुकलं नाही. परवा तिच्या ओमने घाईने पाण्याची मोटर जाळली. गावाचं ठरलेलंच, पोरगं बापावर गेलंय म्हणे, घाईपायी मेलेला बाप. हे मला कल्याणनेच लिहून सांगितलं. बनुबाई तिथेच उभी होती.

तुझा मचाणाचा नियम आहे तसा आमचाही विहिरीवर एक नियम होता. त्याचं पुन्हा कधीतरी लिहीन. त्या एकट्या बाईचं अन्न खातेस, तर तिला दोन हंडे पाणी भरून देत जा.

आहेस तशी हसरी राहा, आणि कागद पाठवत जा.
तुझा, अण्णा

॥ श्री ॥
डोंगरावरची चौकी
दि. २७ एप्रिल २०२५

ति. अण्णांना,
शि. सा. न. वि. वि.

मध्ये पत्र पाठवता आलं नाही. बुधवारी इथे वणवा लागला. दोन रात्री कुणी झोपलं नाही. हिरव्या फांद्यांनी आग झोडपून झोडपून हातांची सालं गेली. सगळा उतार काळा झालाय. कारवीच्या जळक्या काड्या तेवढ्या उभ्या आहेत. काल जाळरेषेवर एक घोरपड मेलेली सापडली. ती इथपर्यंत आली होती आणि पुढे तिला जमलं नाही. मला फार रडू आलं.

आग लंकाबाईच्या शेतातून गेली असं ठरलं आहे. इथे पावसाआधी राब भाजतात. शेताच्या एका तुकड्यावर पाला, टहाळ्या, शेण पसरून जाळायचं आणि त्या राखेत नागलीचं रोप टाकायचं. आपल्याकडे हे नाही, म्हणून तुम्हाला लिहिलं. तिने बुधवारी सकाळी राब पेटवला होता. मी अकरापासून मचाणावरच होते. धूर तिच्या राबातून वर जंगलात जाताना मी पाहिला, तसा साहेबांनी माझा जबाब घेतला आणि मी सही केली. लंकाबाईवर गुन्हा दाखल झालाय. राबाच्या जागेला दोरी बांधली आहे, निकाल लागेपर्यंत तिथे पेरायचं नाही. १९ जूनला कोर्टात तारीख आहे.

साहेब म्हणाले की पुढच्या वर्षीच्या यादीत माझं नाव पहिलं. वाईट वाटतं, पण मी तरी काय करणार? मी मचाणावर होते आणि जे दिसलं ते सांगितलं.

जिवाला जपा, ताक उन्हात ठेवू नका.
तुमची, दिशा

॥ श्री ॥
पाथर्डी
दि. ६ मे २०२५

चि. दिशास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आल्यावर शाबास लिहावं म्हणून पेन घेतलं होतं. ते तसंच खाली ठेवलं. दोन दिवसांनी लिहायला बसलोय.

तू मचाणावर होतीस हे एका पत्रात दोनदा लिहिलंस. मी तर विचारलं नव्हतं. आणि अक्षर एवढं नीटनेटकं, चौथीत वर्गशिक्षिकेला सुट्टीची चिठ्ठी लिहायचीस तसं. तापाच्या प्रत्येक चिठ्ठीत तुझं अक्षर फार सुंदर यायचं, पोरी.

मी रागावलेलो नाही. मला फक्त खरं काय ते लिही. कुणाला दाखवणार नाही. शेळ्यांनाही नाही.

उत्तराची वाट बघतो. आशीर्वाद आहेतच, ते विचारून देत नसतात.
अण्णा

॥ श्री ॥
डोंगरावरची चौकी
दि. १५ मे २०२५

ति. अण्णांना,
शि. सा. न.

मी मचाणावर नव्हते.

त्या दिवशी बाराच्या सुमारास लंकाबाईने खालून हाक मारली. ऊन असं होतं की पाखरूसुद्धा बोलत नव्हतं. म्हटलं पटकन जेवून येऊ. तिच्या ओट्यावर मी तासभर बसले, दीड तासही असेल. तिने मला तिच्या मेलेल्या नवऱ्याची शिट्टी वाजवून दाखवली, आम्ही हसत होतो. राब सकाळीच भाजून झाला होता. तिने वर चार हंडे पाणीही ओतलं होतं. परत येताना माझ्या चपलेचा अंगठा तुटला, म्हणून चपला हातात घेऊन मी तिच्या शेतातूनच आडवी आले. त्या राखेतून अनवाणी चालत आले, अण्णा. राख गार होती.

मचाणावर चढले तेव्हा डोंगराच्या वरच्या सोंडेवर धूर. कुणी पेटवलं ते देवाला ठाऊक. तासभर आधी दिसला असता तर चौघांनी आग विझवली असती. साहेबांनी पहिला प्रश्न विचारला की तू कुठे होतीस. तोंडातून निघून गेलं, मचाणावर. मग मचाणावर होतीस तर आग कुठून आली हे तुला दिसलंच असेल, म्हणाले. त्यांनी खाली लंकाबाईच्या शेताकडे बघितलं आणि मी मान हलवली. एवढंच. पुढचं सगळं त्यांनी लिहिलं.

तिची नागली मडक्यात पडून आहे. पाऊस आला आणि रोप नसलं तर तिचं वर्ष गेलं. ती मला अजून हाक मारते, मीच जात नाही. खरं सांगितलं तर मचाण सोडलं म्हणून मला घरी पाठवतील आणि दिवाळीनंतर पुन्हा फड. तुम्ही सांगाल ते करीन. मला काही सुचत नाही.

माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नका.
दिशा

॥ श्री ॥
पाथर्डी
दि. २३ मे २०२५

चि. दिशास,
अनेक आशीर्वाद.

तू काय करावंस हे सांगायचा मला अधिकार नाही. का नाही, ते लिहितो. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. तुझी आई गेली, तिलाही नाही.

विहिरीत सुरुंग उडवताना आमचा एक नियम होता. जितके बार भरले तितके आवाज वर उभं राहून मोजायचे. एक जरी कमी आला तरी संध्याकाळपर्यंत कुणी खाली उतरायचं नाही. त्या दिवशी आठ बार भरले होते. मोजायचं काम माझं. सातव्यानंतर मी टेम्पोवाल्याशी थट्टा करत बसलो. छगनने विचारलं की आठ झाले का. मी वळूनही न बघता हो म्हणालो. दोन आवाज एकात मिसळले असतील असं वाटलं, म्हणजे तसं वाटून घेतलं. तो उतरला. मी काठावर वाकलो तेव्हा आठवा उडाला. माझे कान त्यात गेले, आणि छगन गेला.

पोलीस आले तेव्हा मी सांगितलं की छगन न विचारता घाईने उतरला. तेव्हा तू पाच वर्षांची होतीस, कल्याण आठ. मला आत टाकलं असतं तर तुमचं काय, हे डोक्यात होतं. खोटं बोलायला कारण नेहमी चांगलंच सापडतं. त्या एका वाक्यामुळे छगन गावात उतावळा ठरला. आता त्याचा पोरगा उतावळा ठरतोय. आणि त्याची बायको मला ताक देते. माझी दया येते तिला, तिच्या नवऱ्याच्या चुकीने माझे कान गेले म्हणून.

अठरा वर्षं मी ते ताक पितोय. रोज वाटतं आज सांगू. तू माझ्यासारखी म्हातारी होऊ नकोस, एवढंच मागतो.

हे वाचून माया ठेवशील की नाही, ते तुझ्यावर सोडतो.
अण्णा

॥ श्री ॥
लंकाबाईचे घर, भंडारदरा
दि. ४ जून २०२५

ति. अण्णांना,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आलं त्याच दिवशी मी साहेबांकडे गेले आणि सगळं सांगितलं. ते बराच वेळ कागद चाळत बसले. मग म्हणाले की लंकाबाईला त्यांनी तेव्हाच विचारलं होतं, दुपारी तुझ्याजवळ कोण होतं म्हणून. तिने अंगठा देऊन सांगितलंय की घरी ती एकटीच होती. मग तू तिथे होतीस हे मी कशावरून मानू, असं ते म्हणाले. तिची भाकरी खाल्लीस, आता तुला दया येते, पोरी असं करतात. तरी त्यांनी माझा दुसरा जबाब लिहून घेतला आणि पहिल्याला जोडला. मचाण सोडल्याचं मात्र त्यांनी लगेच मानलं. ३१ तारखेला मला कामावरून कमी केलं. सुनीलदादांनी माझी पेटी इथे आणून दिली.

मी लंकाबाईला विचारलं की तू असं का सांगितलंस. ती दळण दळत होती, हात थांबवला नाही. म्हणाली की तू हितं आल्ती हे सांगितलं असतं तर तुझी नोकरी गेली असती. तरन्या पोरीच्या हाताला काम हाय, ते मी कशापायी घालवू? मला काय, एक साल न्हाई पेरलं तर न्हाई. माझा जबाब काय होता हे तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, अण्णा. तरी ती हाक मारत होती. मी तिच्या पायावर डोकं ठेवलं तर तिने जात्यात नागली टाकली. बियाण्याचीच होती. आता पेरायची नाही तर दळून खाऊ, म्हणाली.

१९ तारखेला मी तिच्याबरोबर कोर्टात उभी राहणार आहे. तीही खरं सांगायला कबूल झाली आहे, पण दोघींनी जबाब बदलल्यावर आमचं कोण ऐकेल ते माहीत नाही. तोवर इथेच राहते, पाणी भरते. काल पाऊस झाला. दोरीच्या आतली राख वाहून गेली.

तुमच्यावरची माया तशीच आहे. पण बनुकाकूंना सांगा, अण्णा. अजून त्या हयात आहेत.
तुमची, दिशा

॥ श्री ॥
पाथर्डी
दि. १३ जून २०२५

चि. दिशास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र सोमवारी मिळालं. मंगळवारी बनुबाई ताक घेऊन आली तेव्हा तिला बसवलं आणि सांगितलं. सात आवाज, टेम्पोवाला, छगनने विचारलेलं, मी हो म्हणालेलो, पोलिसांना काय सांगितलं ते, सगळं. माझा आवाज किती मोठा निघत होता ते मला कळत नाही. शेजारच्या दारात दोघं येऊन उभे राहिले, म्हणजे मोठाच असावा. बरं झालं.

तिने ताकाचा तांब्या खाली ठेवला. मग बोलायला लागली. खूप वेळ बोलली, पोरी. तांब्याकडे बघून बोलत होती. पदर तोंडाला लावलेला, त्यामुळे ओठही दिसले नाहीत. मी वही पुढे केली, तर तिने ती बाजूला सारली. तिला लिहिता येत नाही, हे इतक्या वर्षांत माझ्या लक्षातही राहिलं नव्हतं. दारातल्यांना विचारलं तर ते मान खाली घालून निघून गेले.

बुधवारी आणि काल ताक आलं नाही. आज आलं, पण तांब्या उंबऱ्याबाहेर होता आणि ती निघून गेलेली होती. मी तो अजून उचललेला नाही.

तुझी तारीख झाली की ये. कोर्टात काही का होईना, ये. लंकाबाईंना येता आलं तर त्यांनाही आण, चार दिवस आपल्याकडे राहतील. आल्यावर बनुबाईजवळ बस आणि त्या दिवशी ती काय बोलली ते तिला विचार. शिव्या असतील तर शिव्या. एकही शब्द न गाळता मला लिहून दे.

तुझा, अण्णा