निअर मिसची वही

४ जून

ती. ताईस,
गुंड्याचा सा. न. वि. वि.

आम्ही मेहुणे-मेहुणे एका खोलीत सुखाने भांडतो आहोत. भाऊजींचं घोरणं वाढलंय आणि त्याचा दोष ते माझ्या उशीला देतात.

तू इंग्रजी शिकवतेस म्हणून विचारतो. आमच्या कारखान्यात ‘निअर मिस’ची वही असते. प्रत्येक खात्याने महिन्याला तीन निअर मिस लिहून द्यायचे, असा साहेबांचा नियम. घडलं नाही तरी तीन. माझं अक्षर बरं, म्हणून दोन वर्षं मीच लिहितो. तेल सांडलं, अमका घसरता घसरता वाचला. सगळं मनातलं. एकदा तर मी कागदावर माझ्याच क्रेनचा ब्रेक सरकवला! साहेबांनी खूश होऊन टॉर्च बक्षीस दिला.

तर या शब्दाचा खरा अर्थ काय? आणि खरंच काही झालं, तर तो वापरायचा कसा? सहज विचारतो.

जाता जाता, भाऊजींना नवा डबा पाठव. जुना चेपला.

लोभ आहेच, तो वाढवावा.
तुझा गुंड्या


८ जून

चि. गुंड्यास अनेक आशीर्वाद.

सहज विचारणारा माणूस ‘खरंच’ हा शब्द दोनदा खोडून तिसऱ्यांदा लिहीत नाही.

अर्थ साधा आहे. अपघाताची सगळी तयारी झाली होती, माणूस तेवढा वाचला. आज हुकलं ते उद्या लागेल, तेव्हा आजच काम थांबवा, हे ओरडून सांगायला तो शब्द आहे. म्हणजे त्याचा वापर आगीच्या घंटेसारखा. आणि तुम्ही त्या घंटेवर महिन्याला तीन गाणी वाजवता! माझ्या वर्गातली मुलं न गेलेल्या सहलीवर निबंध लिहितात, ते परवडलं. त्यात कुणी मरत नाही.

आता माझ्या प्रश्नाचं उत्तर दे. तो डबा स्टीलचा, जाड बुडाचा. मी स्वतः निवडून घेतला होता. तो कशाने चेपला? आणि तेव्हा तुझे भाऊजी कुठे होते?

उलट टपाली उत्तर हवं. माया आहे म्हणूनच दटावते.
ताई


१३ जून

ती. ताईस सा. न. वि. वि.

भाऊजींनी शपथ घातली होती, ती मोडतो.

मी वर क्रेन चालवतो, खाली पत्र्यांच्या गठ्ठ्याला साखळी लावतात ते भाऊजी. गेल्या महिन्यात गठ्ठा हवेत थांबवला, ब्रेक लावला, तरी तो हळूहळू उतरतच राहिला. मी भोंगा दाबला. भाऊजींनी बाजूला उडी मारली. त्यांच्या पायाशी डबा होता, तो तिथेच राहिला. गठ्ठा दोन टनांचा.

मी लगेच वहीत लिहिलं. साहेब हसले. म्हणाले, हा तर तुझा गेल्या वर्षीचाच ब्रेक, जरा नवीन काही सुचव. म्हातारा मेकॅनिक म्हणाला की त्या वेळी तुझ्या बाताड्या ब्रेकपायी अर्धा दिवस वर टांगून घेतलं, आता चढणार नाही.

त्यानंतर दोनदा सरकलाय. वरून मला भाऊजींची पिवळी टोपी दिसते आणि मी एक हात भोंग्यावरच ठेवतो. मी सोडलं तर दुसरा चालवेल, त्याला तर काहीच माहीत नसेल. भाऊजी म्हणतात, तू वर आहेस तोवर भोंगा तरी वेळेवर वाजेल. ताई, काय करू?

तुझा
गुंड्या


१६ जून

चि. गुंड्यास आशीर्वाद.

पत्र उभ्यानेच वाचलं. शिक्षक संघटनेच्या सभेत मी पाचशे माणसांपुढे बोलते. आज शेजारणीने काय झालं विचारलं, तर तिच्या हातात तुझं पत्रच दिलं.

उद्या नाही, पत्र मिळेल त्याच पाळीला सगळ्यांसमोर ती वही उघड. तू रचलेली एकेक नोंद वाच आणि हे खोटं, मी लिहिलं, असं सांग. लाज वाटेल, वाटू दे. नोकरी जाईल, जाऊ दे. खोट्यांच्या रांगेत उभं राहिलेलं खरं कुणाला ओळखू येत नाही, त्याला हात धरून बाहेर काढावं लागतं. खरी नोंद आली की डबा टेबलावर ठेव.

यांना सांग, त्या हुकाखाली पुन्हा उभे राहिलात तर मी येऊन शेजारी उभी राहीन.

पत्र पोचायला तीन दिवस लागतात. मला त्या तीन दिवसांची भीती वाटते.
ताई


२० जून

सौ. मास्तरीणबाईंस,

अक्षर माझं पाहून दचकू नकोस. दोघंही धड आहोत. गुंड्या म्हणतो, आता काही दिवस आपण काही लिहिणार नाही, म्हणून मी लिहितो.

काल तुझं पत्र आलं. पाळी भरताना तो वही घेऊन बाकावर चढला. पहिल्या नोंदींना लोक खो खो हसले. विसावीनंतर हसणं थांबलं. साहेब खाली उतर म्हणून ओरडत होते, हा वाचतच होता. एकाहत्तर वेळा खोटं म्हणाला. बहात्तराव्याला, हे खरं, एवढंच म्हणाला आणि चपटा डबा ठेवला. आम्ही साखळीवाले सगळे भिंतीपाशी जाऊन उभे राहिलो. मग मेकॅनिक हत्यारांची पेटी घेऊन शिडी चढला.

ब्रेकचं लायनर, म्हणजे चाकाला घासून धरणारं अस्तर, नखाएवढं पातळ झालं होतं. म्हातारा खाली आला तो कितीतरी वेळ नळाखाली हात धूत राहिला.

क्रेनला कुलूप आहे. खोट्या नोंदींबद्दल गुंड्याला घरी बसवलंय. महिन्याला तीन मागणाऱ्यांना अजून कुणी काही विचारलेलं नाही. तू ये. पाळीतल्या लोकांना तुझं बोलणं हवंय, आणि मला तू.

नवा डबा पोचला. आज फाटकाबाहेरच्या पायरीवर बसून जेवलो. डोक्यावर नुसतं मोकळं आभाळ होतं. तरी दर घासाला वर बघत होतो.

राग ओसरल्यावर लोभ असू दे.
तुझाच