माझ्याशिवायचे रविवार

१ सप्टेंबर, रविवार

गेले सगळे. चपला हातात घेऊन! जिन्यापर्यंत अनवाणी गेले, खाली पोचल्यावर घातल्या असणार. मी आत अभ्यासाला बसले आहे ना, म्हणून. आत्याने दार ओढताना कुजबुजून म्हटलं, "पाय उचला गं, आवाज नको!" — आणि ती कुजबुज समोरच्या इमारतीत ऐकू गेली असेल. पस्तीस वर्षं शाळेत घंटा दिली आत्याने. हळू बोलणं तिच्या घशातच नाही.

आता पाच वाजेपर्यंत घर माझं एकटीचं. भिंतीवरचं घड्याळ एवढ्या मोठ्याने चालतं हे मला इतकी वर्षं माहीतच नव्हतं. ऐकू यायला शांतता कधी होती म्हणा!

सकाळपासून बाविसाव्या पानावर आहे.

संध्याकाळी —

पाण्याच्या जुन्या टाकीवर जाऊन आले म्हणे. दोनशे बारा पायऱ्या. चिमटी म्हणाली, "ताई, वरून आपली गच्ची दिसते, काडेपेटीएवढी!" आईने पाहिलं ते असं : एका दोरीवर चादर वाळत होती, तिला इस्त्रीचा डाग, थेट होडीच्या आकाराचा. हे आईलाच दिसणार. लॉन्ड्रीत दिवसभर दुसऱ्यांच्या चादरींना इस्त्री करायची आणि सुट्टीच्या दिवशीही चादरीच बघायच्या!

आत्या दोनशे बारा पायऱ्या चढली आणि गुडघ्याचं नावही काढलं नाही. माझ्याशिवाय सगळेच ठणठणीत झालेत.

३ सप्टेंबर, मंगळवार

मोहिमांबद्दल लिहून ठेवते. पुढे कधी विसरले तर.

मी सहा वर्षांची असताना बाबांनी सुरू केल्या. पाट्या रंगवायला बाबा गावभर फिरतात, त्यांना गल्ली न् गल्ली पाठ. शनिवारी ब्रश धुता धुता उद्याचा बेत जाहीर करायचा. जायचं ते सगळ्यांनी. आणि येताना प्रत्येकाने एकेक गोष्ट आणायची — उचललेली नाही, पाहिलेली. ती जेवताना सांगायची. एकदा गावातली सगळ्यात अरुंद गल्ली शोधायला निघालो होतो. आई आडवी होऊन शिरली, मध्येच अडकली, आणि हसायला लागली तशी आणखीच अडकली. बाबा पुढून ओढतायत, आत्या मागून ढकलतेय, आणि एक म्हातारे गृहस्थ खिडकीतून विचारतायत, "बाईंना कुठे जायचंय?"

पहिल्या खेपेला मी सरकारी नोकरीच्या परीक्षेत सात गुणांनी गेले. त्याच आठवड्यात घरात बैठक बसली. मला न विचारता ठरलं — आतली खोली हिला. तिथे बाबांचे रंगाचे डबे आणि पत्रे असायचे. ते सगळं गॅलरीत गेलं, पावसापाण्यात. टेबल आलं, दिवा आला, दाराला कडी आली. आमच्या घरात आतून लावायची ही पहिलीच कडी! खोलीला अजून टर्पेंटाइनचा वास येतो.

बाहेरच्या खोलीत चौघं एका ओळीत झोपतात. दिवे मालवल्यावर बराच वेळ काहीतरी खुसखुसत असतं. पूर्वी त्या ओळीत भिंतीकडची जागा माझी होती.

तळहाताच्या फोडासारखं जपतायत मला. तक्रार कशाची करायची? आणि कुणाकडे?

६ सप्टेंबर, शुक्रवार

पान एकतीस. चांगला दिवस.

ही परीक्षा मला का द्यायची आहे ते स्वतःला पुन्हा सांगितलं. आत्याच्या पेन्शनचा अर्ज घेऊन आई चार दिवस फिरली होती. ही खिडकी नाही, ती खिडकी. हा कागद नाही, तो कागद. चौथ्या दिवशी आतला माणूस म्हणाला, "शिकलेलं कुणी नाही का घरात?" मी तेव्हा नववीत होते, आईचा हात धरून उभी होते. आई म्हणाली, "होतंय."

"होतंय" म्हणाली! मला त्या खिडकीच्या आत बसायचं आहे. आणि येईल त्याला पहिल्याच दिवशी नीट सांगायचं आहे, कुठला कागद आणि कुठली खिडकी. एवढंच. लोकांना हे लहान वाटतं. मला वाटत नाही.

८ सप्टेंबर, रविवार

आजची मोहीम : एका जागी उभं राहून तीन घड्याळं दिसतील अशी जागा. बाबांना सापडली! अग्निशमन केंद्राच्या कोपऱ्यावर, पंपाला टेकून उभं राहिलं की तीन दिसतात आणि तिन्हींत वेगवेगळी वेळ. चिमटी म्हणाली, "एकात आम्ही निघालोच नव्हतो, एकात पोचलो होतो आणि एकात जेवायची वेळ झालेली." बाबा हसले. आत्या तर ताटावर वाकून हसली. मीही हसले, पण एक क्षण उशिरा. पाहुणे हसतात तशी.

बाबा मला पूर्वी "बुटकी" म्हणायचे. पदवी मिळाली त्या दिवसापासून "बाईसाहेब". "बाईसाहेबांना आणखी भात वाढा." थट्टाच आहे. पण बुटकीला कुणी हात धुवायला पाणी आणून देत नव्हतं.

१० सप्टेंबर, मंगळवार

वाचनालयातून येताना वाट वाकडी करून अग्निशमन केंद्रापाशी गेले. पंपाला टेकले. एकच घड्याळ दिसलं. डावीकडे सरकले, उजवीकडे सरकले, चवड्यांवर उभी राहिले. एकच. तिथे एक चांभार बसतो, तो बघत होता. त्याला विचारलं, "इथून तीन घड्याळं दिसतात ना?"

"मला एकच पुरतं, बाई."

इतकी पुस्तकं वाचून माझे डोळे गेले असावेत. चौघांना दिसलं ते मला दिसत नाही.

११ सप्टेंबर, बुधवार

जेवताना बाबांना विचारलं, "नक्की कुठे उभं राहायचं? मी गेले होते, मला एकच दिसलं."

घास हातात, आणि चौघंही थांबले. बाबा म्हणाले, "पंपाच्या... जरा मागे. पण आता तिथे बांधकाम काढलंय वाटतं." चिमटीला ठसका लागला. आत्या पाणी आणायला उठली, तांब्या समोर असताना! आई फक्त म्हणाली, "एवढ्या उन्हात कशाला गेलीस?"

काहीतरी आहे. चौघांत काहीतरी गंमत आहे आणि ती मला सांगायची नाही. आमच्या घरात आजवर एकही गंमत अशी नव्हती की जिच्यात मी नाही.

१५ सप्टेंबर, रविवार

गेले. आले. नदीकाठी गेले होते. कुणाच्याच चपलांना चिखल नव्हता. मी काही विचारलं नाही, त्यांनी फार काही सांगितलं नाही.

१९ सप्टेंबर, गुरुवार

आज कपाटाचा वाढदिवस!

अकरा वर्षांपूर्वी याच तारखेला बाबांनी आणि आईने ते लोखंडी कपाट चौथ्या मजल्यावर चढवलं होतं. दर जिन्यावर एकदा भांडण, दर वळणावर एकदा समेट. वर आल्यावर कळलं की किल्ली खाली टेम्पोत राहिली आणि टेम्पो गेला! तेव्हापासून दर वर्षी कपाटाला कागदाच्या माळा, बिस्किटांचा केक, आणि बाबा एकाच जुन्या पत्र्यावर नव्याने पाटी रंगवतात. त्या पत्र्यावर आमच्या घरातले सगळे सोहळे एकावर एक आहेत. चिमटीचा पहिला पडलेला दात, आत्याची शेवटची घंटा, गळका नळ थांबला तो दिवस.

मला वाटलं बोलावतील. साडेसातला बाहेर काहीतरी सुरू झालं. बारीक आवाज, पाल चुकचुकावी तसा. दार किलकिलं करून पाहिलं. चौघं कपाटासमोर जमिनीवर बसून टाळ्या वाजवत होते — एका बोटाने तळव्यावर! आवाज होऊ नये म्हणून. तोंडं हलत होती, गाणं चाललं होतं, आवाज काढून टाकलेलं.

मी बाहेर आले. झालं! सगळे उभे. "अभ्यास मोडला का गं?" "तरी मी म्हणत होते, आत्याला मागे बसवा." बाबांनी खुर्ची पुढे केली. घरात एकच खुर्ची आहे. मी खुर्चीवर, ते खाली. केकचा मोठा तुकडा मला. पाटीवर लिहिलं होतं, "अकरा वर्षं झाली, किल्ली अजून येतेच आहे". फार छान अक्षर. मी म्हटलं, "छान झालंय." बाबा म्हणाले, "आभारी आहे, बाईसाहेब."

मी ताटली घेऊन आत आले. कडी लावली नाही. तरी कुणी आलं नाही.

२२ सप्टेंबर, रविवार

"कुठे गेला होतात?"

"नदीवर."

"परत?"

"बरं वाटतं तिथे," आई म्हणाली.

एवढंच. पूर्वी गोष्टी सांगता सांगता भात गार व्हायचा. आता सांगायचाही कंटाळा येतो त्यांना. बरोबरच आहे. जो आलाच नाही त्याला किती सांगणार?

२५ सप्टेंबर, बुधवार

पान एकशे चार. डोक्यात एक अक्षर नाही.

२८ सप्टेंबर, शनिवार

आज विचारलंच.

बाबा मोरीत ब्रश धूत होते. हिरवा रंग जाता जात नव्हता. मी म्हटलं, "उद्या कुठे?"

"जुन्या पुलावर जाऊ म्हणतो."

"मीपण येते."

केवढी तयारी केली होती मी या दोन शब्दांची! दिवसभर मनात घोकत होते. चौघं एकदम म्हणाले, "अगं नको!" एकदम — जणू ठरवून ठेवलं होतं. आई म्हणाली, "दोन महिने राहिले. तेवढी कळ काढ." आत्या म्हणाली, "पुलावर काय मेलं बघायचंय? चार खांब आणि खाली पाणी." मग जाताच कशाला! चिमटी माझ्याकडे बघत होती, मग आईने तिच्याकडे पाहिलं तशी खाली बघायला लागली.

मी म्हटलं, "एकच रविवार. एका रविवाराने मी अडाणी होणार नाही."

बाबा ब्रशकडे बघत म्हणाले, "सात गुणांनी गेलं होतं, बाळा."

आत आले. त्यांना मी नको आहे असं लिहिणार होते. लिहून बघितलं. खरं दिसतं आहे.

माणूस शिकतो तो घरच्यांना पुढे न्यायला, असं मी पदवीच्या समारंभात भाषणात म्हटलं होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या, पूर्ण हातांनी. मी पुढे गेले खरी. मागे वळून बघते तर चौघं दुसऱ्याच रस्त्याने चाललेत, हसत, आणि मला हाक मारायची नाही असं त्यांचं ठरलंय.

उद्या मी जाणार आहे. त्यांच्या मागोमाग. दिसले की सरळ समोर जाऊन उभी राहणार. मग काय ते तोंडावर सांगू देत.

२९ सप्टेंबर, रविवार

पुलावर कुणी नव्हतं. तासभर उभी राहिले. परत येताना आईच्या लॉन्ड्रीच्या गल्लीतून आले. लॉन्ड्री रविवारी बंद असते, किल्ली आईकडे. शटर अर्धं खाली होतं आणि शटरखाली आठ पाय दिसत होते. बाकाखाली एका ओळीत. बाबांच्या चपलांवर हिरवा रंग.

"चला, बोला," बाबा आत म्हणत होते. "आज कुठे जाऊन आलो आपण?"

"बाबा, खरंच जाऊ या ना कुठेतरी," चिमटी म्हणाली. "किती रविवार नुसतं इथेच बसायचं?"

"ती नसताना?" बाबा म्हणाले. "चौघांची कसली मोहीम? पण घरी राहिलो तर तिचं वाचन होतं का? सुटू दे एकदा परीक्षेतून."

मग आत्या कुजबुजली, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी : "आणि दादा, या वेळी असं काहीतरी सांग की ती बघायला जाणार नाही."

मी शटरखालून वाकून आत गेले. मग आई बाकावर सरकली.