पायाळूची पाठ

माय, आज डॉक्टरनं माझ्या पाठीचा फोटो उजेडासमोर धरून दाखवला. त्याला मणक्यांपेक्षा त्यांना बिलगलेल्या मांसाची काळजी होती. पाठीच्या अगदी आतल्या थरात, एका मणक्यापासून वरच्या दोन-तीन मणक्यांपर्यंत तिरके जाणारे लहान स्नायू असतात. माणूस उभा राहतो तो त्यांनी धरून ठेवल्यामुळे. फोटोत ते काळे दिसायला हवेत. माझे पांढरे आहेत. मांसाच्या जागी चरबी भरली, आणि आता फारसं काही परत येणार नाही. ऑपरेशनचाही उपयोग नाही. "भाषणं बसून करा ताई, तीही थोडी," म्हणाला. बसून! बसलेल्या माणसाचं ऐकून कोणाला कधी राग आला आहे काय, माय?

मी पायाकडून जन्मले, पायाळू. म्हणून आपल्या गावात, रिठदात, कोणाच्या कमरेत उसण भरली की तो सकाळी बौद्धवाड्यात, आपल्या अंगणात यायचा. पायाळूचा पाय लागला की उसण उतरते म्हणे. वरच्या आळीतला तो धिप्पाड म्हातारा अजून दिसतो. तो पालथा पडला आहे, तू कुडाला टेकून उभी आहेस आणि मी त्याच्या पाठीवर पाय ठेवून आहे. "लाव वं, जोरानं लाव, लाजू नको," तू म्हणतेस. तो उठतो, धूळ झटकतो. तू मुद्दाम विचारतेस, "पाणी देऊ काय, पाटील?" "नाही नाही, घरीच चाललो ना आता." तो वळणाआड जातो आणि तू पदर तोंडात कोंबून हसतेस. "पाह्यलं काय? आपलं पाणी नाही चालत त्याले, लाथ चालते!"

पुढं शाळेच्या पुस्तकात पाठीचे थर पाहिले आणि मी पाय लावायचं सोडलं. "काहून?" तू विचारलंस. पाय कातडीलाच लागतो, आत पोचत नाही, सारं खोटं आहे, मी म्हटलं. "खोटं हाये हे मलेबी समजते. पण तो निजते ना तुह्या पायाखाली? ते तं खरं हाये ना?"

हे तुझं बोलणं मी गावोगाव सांगितलं. लोक टाळ्या वाजवून घरी गेले. आता त्या म्हाताऱ्याचे नातूच मला सभेला बोलावतात आणि सीलबंद बाटली हातात देतात. कोणाच्या घरचं पाणी कोण पितो, हा प्रश्नच कोणी काढत नाही. इतकं बोलून एवढंच झालं, आणि आता बोलायला उभीही राहू शकत नाही.

तू गेलीस, आता हे पत्र टाकायचं कुठं? उशीखाली ठेवते. अजूनही सांगते, ते खोटंच आहे. पण मघाशी शेजारीण मेथी घेऊन आली, तेव्हा मी दार लोटून तिला विचारलं, तुमच्यात कोणी पायाळू आहे काय? ती हसली. "आता कुठचे पायाळू, ताई? पोरगं उलटं दिसलं की डॉक्टर पोट फाडूनच काढते."

तोवर मी पालथी झाले होते.