गंगारामदादांचं नमन, माझी डीव्हीडी

१९ एप्रिल

आजपासून रोजनिशी. उद्या कुणी विचारलं की महिपतराव, हे एकट्याने जमवलंत कसं, तर हाताशी नोंदी हव्यात. वाचायला मात्र कुणाला देणार नाही.

काम असं. आमचे थोरले बंधू गंगारामदादा यांचं नमन, म्हणजे आमच्याकडचा शिमग्यातला गाण्यांचा नि सोंगांचा खेळ, टीव्हीवर लागणार आहे. शिमग्यात रत्नागिरीच्या एका केबल चॅनेलवाल्यांनी वेळणेश्वरच्या अलीकडे आमच्या वाडीत जाऊन ते सगळं शूट केलं. पंचक्रोशीत दादांच्या गळ्याचं नाव आहे. होतं म्हणायला पाहिजे. शिमगा सरला आणि घशात गाठ निघाली. ऑपरेशनमध्ये स्वरयंत्रच काढून टाकलं. आता दादा पाटीवर लिहून बोलतात. परवा मला लिहून दाखवलं, 'मना माजा आवाज यकदा आयकायचाय.'

वाडीतल्या पोरांच्या मोबाईलमध्ये तुकडे आहेत, पण त्यात शिट्ट्या जास्त आणि दादा कमी. शहराची केबल गावात दिसत नाही. मी म्हटलं, दादा, हे माझ्यावर सोडा. माझ्या लिनक्स कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करतो, डीव्हीडी बनवतो आणि तुमच्या घरच्या प्लेयरवर लावून देतो. दादांनी माझा हात धरला आणि बराच वेळ सोडलाच नाही. त्यांना माझ्या हुशारीचं पहिल्यापासून कौतुक आहे.

२० एप्रिल

तेजस्वीचा फोन. ही दादांची मुलगी. म्हणाली, काका, कार्यक्रम लागेल त्या दिवशी बाबांना तुमच्याकडेच घेऊन येते, टीव्हीवर बघतील. नाही म्हटलं. पेशंटला फेरीबोटीतून हेलपाटत आणायचं कशाला? शिवाय जाहिरातींसकट बघण्यात काही अर्थ नाही.

मग दुसरं काढलं. चॅनेलवाले म्हणे कॉपी द्यायला तयार आहेत. पेनड्राइव्ह घेऊन या म्हणाले. मात्र कार्यक्रम लागून गेला की थोड्याच दिवसांत पुसून टाकतात, त्यांच्याकडे जागा नसते. काका, तुम्ही जरा जाऊन याल का? चॅनेलचं ऑफिस आमच्या गल्लीच्या तोंडाशी आहे. मी सांगितलं, ज्याच्या परसात विहीर आहे तो कळशी घेऊन शेजाऱ्याकडे जात नाही.

सौ. मालन म्हणाली की कळशीभर पाणी मिळाल्याशी मतलब. तिला म्हटलं, तू भाकऱ्या बघ.

२२ एप्रिल

सामग्रीचा आढावा. कॉम्प्युटर जुना आहे पण लिनक्सवर आहे. विंडोज म्हणजे भाड्याची खोली, लिनक्स म्हणजे स्वतःचं घर. गळलं तरी आपलं. ऑफिसात असताना सगळे कॉम्प्युटर माझ्याच ताब्यात होते (खोलीची चावी माझ्याकडे असे). त्यामुळे पाया पक्का आहे.

लिनक्स टाकल्यापासून आवाज येत नाही. किरकोळ बाब आहे, सावकाश बघू. आधी चित्र.

२४ एप्रिल, दुपार

टीव्हीचं चित्र कॉम्प्युटरात उतरवणारं कॅप्चर कार्ड कुरिअरने आलं. सेट टॉप बॉक्समधून एक वायर यात, यातून एक कॉम्प्युटरमध्ये. पोर करील असं काम.

२४ एप्रिल, संध्याकाळ

कॉम्प्युटर म्हणतो, परवानगी नाही. माझ्या घरात, माझ्या विजेवर, मलाच परवानगी नाही! तरीही हे चांगलंच लक्षण आहे. सुरक्षा कडक आहे.

२६ एप्रिल

परवानगी मिळाली. आता पडद्यावर नुसतं निळं दिसतं. परदेशातल्या लिनक्सवाल्यांच्या फोरमवर इंग्रजीत प्रश्न टाकला. आधी कोणत्या पदावर होतो तेही लिहिलं, म्हणजे उत्तर त्या पातळीवर यावं. उत्तर आलं : निळं दिसणं हा स्क्रीनच्या ड्रायव्हरचा दोष, फाईलमध्ये चित्र व्यवस्थित असतं. खाली आणखी एकाने लिहिलं होतं की प्रश्न विचारण्याआधी माहिती वाचत चला. तो तरुण असावा.

२८ एप्रिल

कोऱ्या डीव्हीडी रत्नागिरीत कुठे मिळेनात. एका दुकानदाराने विचारलं, काका, घरात वानर येतात काय, झाडाला टांगायला हव्यात? असल्या लोकांमुळे हा जिल्हा मागे आहे.

शेवटी चिपळूणला जाऊन आलो. एका दुकानाच्या माळ्यावर अख्खा डबा निघाला. पुरात भिजलेला माल आहे, गॅरंटी नाही, असं दुकानदाराने स्वतःहून सांगितलं. मीच घासाघीस करून घेतला. घरी येऊन सगळ्या भांड्यांच्या साबणाने धुतल्या. चिखल सगळा निघाला.

३० एप्रिल

विजय! मालनच्या मालिकेचा तुकडा रेकॉर्ड केला. कॉम्प्युटरवर निळंच दिसत होतं, पण डिस्क बनवून प्लेयरवर लावली तर चित्र स्वच्छ, आवाज खणखणीत. म्हणजे फोरमवाला बरोबर, आणि त्याला विचारणारा मी अधिक बरोबर. डब्यातल्या बऱ्याच डिस्क यात वाया गेल्या. मालनने त्या परसातल्या पेरूला बांधल्या. वानर खरोखर येईनासे झाले, पण तो माझा उद्देश नव्हता.

मालन म्हणाली, येवढं जमलं तर बरंच झालं, पण तरी एकदा चॅनेलवाल्यांकडे जाऊन या ना. बायकोच्या तोंडून शाबासकी कधी सुटी येत नाही.

४ मे

दुसरी चाचणी मालनमुळे फुकट. रेकॉर्डिंग चालू असताना चॅनेल बदललं. डिस्कवर अर्धं नाटक आणि अर्धी भरली वांगी. बॉक्सवर जे दिसतं तेच रेकॉर्ड होतं हे मी तिला दहादा सांगितलंय.

निर्णय : कार्यक्रमाच्या दिवशी रिमोट कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली माझ्याजवळ. आणि घरात माणूसच नको. माणूस आला की चूक आली. वेळ झाली की कॉम्प्युटर आपणहून रेकॉर्डिंग सुरू करील, संपलं की बंद करील. आम्ही दोघं त्या वेळी गावी, दादांपाशी.

मालनची घरी थांबून कार्यक्रम बघायची इच्छा होती. डोळे पुसत होती. म्हणे भावोजींचं नमन मी लग्न होऊन आल्यापासून ऐकत आलेय. म्हटलं, डीव्हीडीवर बघ, अधिक चांगलं दिसेल. मग बॉक्सबद्दल काहीतरी सांगू लागली. पुरतं ऐकलं नाही. मालिकेचंच असणार.

११ मे, सकाळ

आज संध्याकाळी कार्यक्रम. बॉक्स चालू, चॅनेल लावलेलं, रिमोट कपाटात, किल्ली खिशात. घराला कुलूप. निघालो.

११ मे, रात्री, गावी

सोहळाच झाला म्हणायचा. दादांनी दाढी केली, पांढरी टोपी घातली आणि पडवीत खुर्चीवर बसले. समोर टीव्ही बंद. मी घड्याळ बघून जाहीर केलं, सुरू झालं! तिकडे रत्नागिरीत माझ्या घरी रेकॉर्ड होतंय, एक माणूस नाही घरात! वाडीतली मंडळी बघतच राहिली.

दादांनी मांडीवर ताल धरला. आता गण चालला असेल, आता गवळण, आता संकासुराचं सोंग आलं असेल, असं ते मनातल्या मनात म्हणत होते. ओठ हलत होते, आवाज नाही. तेजस्वी उठून आत गेली. मालनही गेली. बायकांना कशानेही रडू येतं. मी मात्र शेवटपर्यंत बसून लिनक्सविषयी माहिती दिली.

निघताना दादांनी पाटीवर लिहिलं, 'कदी आनतोस?' म्हटलं, चार दिवस द्या. नुसती डिस्क नाही, मेनूसकट आणीन.

१२ मे

घरी. फाईल जागेवर आहे! लांबी बरोबर. आणि साईज? इतकी लहान की थक्क झालो. सव्वा तासाचं नमन आणि जागा बारशाच्या फोटोंइतकी. याला म्हणतात लिनक्सचं कॉम्प्रेशन. विंडोजवर दहापट झाली असती. फोरमवर कळवलं. कुणी उत्तर दिलं नाही, जळत असतील.

उघडून बघितली. अपेक्षेप्रमाणे निळं. मालन मागे उभी होती. म्हणाली, त्यात कायतरी लिवलंय वाटतं. ड्रायव्हरचा संदेश असतो तो. खिडकी बंद केली.

म्हणाली, एक डिस्क बनवून आपल्या टीव्हीवर तरी लावून बघा. म्हटलं, चाचणी झालेली आहे. झालेली चाचणी परत करणं म्हणजे स्वतःवर अविश्वास. शिवाय डिस्क थोड्याच उरल्यात.

१४ मे

मेनूचं काम. मागे समुद्राचा फोटो. मध्ये दादांचा हवा होता, पण त्यांचा चांगला फोटो मिळेना, म्हणून निवृत्तीच्या समारंभातला माझा टाकला. नावं : 'निर्मिती, संकलन, तंत्र : महिपत'. खाली 'गायन : गंगाराम'. अक्षरं थोडी लहान झाली, जागेचा प्रश्न होता.

एक गोष्ट इथे लिहितो, कारण कुणी वाचणार नाही. लहानपणी मीही नमनात मागे झील धरायला, म्हणजे गाणाऱ्याची ओळ मागून उचलायला, उभा राहायचो. एकदा आमच्या म्होरक्याने सगळ्यांसमोर सांगितलं, महिपत, तू नुसता तोंड हलव. लोक हसले. दादाही हसले. बरं झालं, म्हणूनच मी अभ्यासाकडे वळलो. गळा काय, आज आहे आणि उद्या नाही. डिस्क राहते.

१६ मे

तेजस्वीचा फोन. चॅनेलवाले उद्या ते शूटिंग पुसणार. काका, डिस्क नीट झालीय ना? नाहीतर मी रात्रीच्या एसटीने येऊन कॉपी घेते. बाबांचं खाणं जवळजवळ सुटलंय, रोज पाटीवर विचारतात, आली काय म्हणून.

म्हटलं, झाली आहे, उत्कृष्ट झाली आहे, बापाला सोडून कुठे येऊ नकोस. विचारलं, तुम्ही बघितलीत ना? हो म्हटलं. फाईल बघितली होतीच.

संध्याकाळी मालन पेनड्राइव्ह शोधत होती. गुपचूप चॅनेलवाल्यांकडे जायचा बेत होता. घरातला एकुलता एक पेनड्राइव्ह मी दुपारीच साफ करून त्यावर लिनक्सची नवी आवृत्ती टाकली होती. तिला तसं सांगितलं. रात्री ती जेवली नाही. वयानुसार भूक कमी होते.

२१ मे

मेनूत बटणं दाबल्यावर रंग बदलायला हवा होता. हिरवा होत होता, मला केशरी हवा होता. चार दिवस गेले, पण झाला. डिस्कवर छापील स्टिकर. शेवटची उरलेली डिस्क होती, पहिल्या फटक्यात बनली. तेजस्वीचे फोन येत होते. कामात असल्याने घेतले नाहीत.

२५ मे, रात्री, गावी

आज प्रदर्शन झालं. पडवी भरलेली. नमनाची सगळी मंडळी, मृदंगवाले, बायका, पोरं. दादा खूप वाळलेत. दोघांनी धरून खुर्चीवर आणून बसवलं. पांढरी टोपी आता कानावर येते.

डिस्क लावली. मेनू आला. समुद्र, मी, नावं. टाळ्या पडल्या. बटण केशरी झालं. दादा माझ्याकडे बघून हसले आणि ताल धरायला हात मांडीवर ठेवला.

मग निळं.

मी म्हटलं, थांबा, येईल. प्रकरण दोन लावलं, तीन लावलं, शेवटचं लावलं. सगळीकडे निळा पडदा आणि मध्ये पांढऱ्या अक्षरांत एकच मजकूर : 'आपण अजून टीव्ही पाहत आहात का? पुढे पाहण्यासाठी रिमोटवरील ओके दाबा.'

बॉक्सचा दोष. बराच वेळ कुणी रिमोटला हात लावला नाही की तो असं विचारतो आणि कार्यक्रम अडवून धरतो, असं मालनने आत्ता सगळ्यांसमोर सांगितलं. मला आधी सांगायला हवं होतं. आमच्या बाजूने रेकॉर्डिंगमध्ये काहीच चूक नाही. अक्षरं इतकी स्वच्छ आलीत की मागच्या भिंतीपासून वाचता येत होती.

लोक एकेक करून उठले. मृदंगवाल्याने जाताना दादांच्या पायाला हात लावला, माझ्याकडे बघितलंही नाही. तेजस्वीने चॅनेलवाल्यांना फोन लावला. पुसलं, म्हणाले. ती अंगणात जाऊन बसली. मालन तिच्याजवळ. मला कुणी चहा विचारला नाही.

दादांनी तो मजकूर सावकाश, ओठ हलवत वाचला. मग माझ्या हातातला रिमोट घेतला आणि टीव्हीकडे धरून ओके दाबलं. थोडं थांबले. परत दाबलं. रिमोट जरा जवळ नेऊन परत दाबलं. मी त्यांना नीट समजावून सांगितलं की दादा, हे रेकॉर्ड केलेलं आहे, कितीही दाबलंत तरी आता काही व्हायचं नाही. तरी दाबतच राहिले. अजून पडवीत बसून दाबतायत. तांत्रिक गोष्टी त्यांना पहिल्यापासूनच कळत नाहीत.