अकरा फेब्रुवारीपासून

अंबरनाथ पूर्व
मंगळवार, २४ जून २०२५

ती. विठाताईस,

वेणूचा नमस्कार. इकडे आम्ही दोघं ठीक. तुझी खुशाली विचारण्याआधी एक काम सांगते. जयदेव हे पत्र घेऊन येतायत, सोबत पाण्याचे आठ कॅन आहेत. राजसीच्या बाटलीचं दूध आत्तापासून त्याच पाण्यात कालवायचं. विहिरीचं पाणी तिच्या तोंडात थेंबभरही जाऊ द्यायचं नाही. उकळूनही नाही, कारण यातलं जे वाईट आहे ते उकळून जात नाही, उलट आटून वाढतं. शेजारच्या भिकीच्या घरीही तान्हं आहे, दोन कॅन तिला दे. मोठ्यांना त्या पाण्याने एवढ्यात काही होत नाही. का, ते पुढे लिहिते. थोडा वेळ लागेल, मला ओळखतेसच.

फोन का नाही केला, असं म्हणशील. दोनदा केला होता गं. पहिल्यांदा तू पापडांचं काढलंस आणि मी वीस मिनिटं पापडांवर बोलले. दुसऱ्यांदा मीच काढलं. जयदेव म्हणाले, तुला तोंडाने जमणार नाही, लिही. दारात चप्पल काढतानाच ते तुम्हाला कॅनचं सांगतील, बाकीचं या कागदात आहे.

आणि मला हेही माहीत आहे की डोळ्याच्या ऑपरेशनपासून तू काही वाचत नाहीस, सगळं सूनबाई, आपली रिद्धी, वाचून दाखवते. म्हणजे हे पत्र तुला लिहितेय पण पहिल्यांदा वाचणार ती. त्याला इलाज नाही. रिद्धी, मध्येच थांबू नकोस, शेवटपर्यंत वाच.

आमच्या लॅबमधलं ते यंत्र तू पाहिलं आहेस, तू ज्याला पांढरी पेटी म्हणालीस ते. पाण्यातून उजेड सोडायचा आणि त्यात काय विरघळलंय ते सांगायचं, एवढंच त्याचं काम. त्याच्या पोटात एक खास दिवा असतो. दिवा म्हातारा झाला की यंत्र खरं आहे त्यापेक्षा कमी सांगायला लागतं. हा दिवा बाजारात मिळत नाही. कंपनी देणार, कंपनीचाच माणूस बसवणार, दुसऱ्याने बसवला तर पेटी चालूच होत नाही. आणि कंपनीचा माणूस तीन राज्यांत मिळून एक, करण नावाचा. बिचारा फोन उचलतो, हेच त्याचं मोठेपण. पण पहिलं वाक्य ठरलेलं: "मॅडम, लेखी तक्रार नका टाकू. लेखी आली की मशीन बंद ठेवा असं मलाच लिहून द्यावं लागतं. पुढच्या आठवड्यात येतो ना मी."

खरं सांगू का, ते आम्हालाही बरं वाटायचं. यंत्र बंद म्हणजे लॅब बंद. म्हणून सगळं तोंडी. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर धरून या पेटीच्या चौदा लॅब आहेत, आणि चौदाही जण करणला फोन करून पुढच्या आठवड्याची वाट बघत होते.

शेवटी रुचिकाने सगळ्यांना गोळा केलं. ही उल्हासनगरची सिंधी बाई, सासऱ्यांची लॅब चालवते, जीन्स धुणाऱ्या कारखान्यांचं पाणी तपासते. मे अखेरीला तिने चौदा जणांना बोलावलं, दाल-पकवान खाऊ घातलं आणि म्हणाली, "एकेक करके वो हमको सुनते नहीं. आता चौदा जण एकदम ओरडू." मला फार आवडली ती. पंचवीस वर्षं या धंद्यात आहे मी, पण आपण गिऱ्हाईक आहोत आणि गिऱ्हाइकाने ओरडायचं असतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. ठरलं की कंपनीने इंजिनियर इथे जवळ ठेवावा, दिवा उघड विकावा आणि तक्रार आल्यावर किती दिवसांत येणार ते लिहून द्यावं. अक्षर बरं म्हणून तक्ता करायचं काम माझ्याकडे आलं. लॅबचं नाव, यंत्राचा नंबर, बिघाड काय, बिघाड केव्हापासून.

शेवटच्या रकान्यापाशी चौदा माणसं एकदम सावध झाली. कारण सोपं आहे. यंत्र ज्या तारखेपासून बिघडलं म्हणाल, त्या तारखेपासून तुम्ही दिलेला प्रत्येक रिपोर्ट संशयाचा. एकेक जण घरी गेला आणि तारीख पाठवली. एक जून, तीन जून, पाच जून. जूनच्या आधीची एकही नाही. मी माझ्या लॅबची दोन जून लिहिली आणि सुरेख तक्ता करून पाठवून दिला.

काल कंपनीचं उत्तर आलं. अगदी गोड भाषा. वेगवेगळ्या वर्षी घेतलेली चौदा यंत्रं एकाच आठवड्यात बिघडली असतील तर दोष यंत्रांचा दिसत नाही, आपल्या भागातली वीज तपासून घ्यावी. आमच्याकडे यापूर्वीची एकही लेखी तक्रार नाही. रुचिकाचा फोन आला, "ताई, अब बोलो, क्या बोलूं इनको?" आमच्याच खोट्या तारखांनी आम्हाला गप्प बसवलं होतं.

ताई, आमचं यंत्र अकरा फेब्रुवारीपासून बिघडलेलं आहे.

रोज सकाळी आमचं पहिलं काम असतं, ज्यात पन्नास आहे हे आधीच ठाऊक आहे असं पाणी यंत्राला द्यायचं. ते पन्नास म्हणालं तर दिवस सुरू करायचा. अकरा फेब्रुवारीला ते चव्वेचाळीस म्हणालं. करणला फोन केला आणि वहीत पन्नास लिहिलं. मार्च उजाडेपर्यंत चाळिसावर आलं. वहीत रोज पन्नास. लहानपणी भाकरीचे चार तुकडे पट्टी लावून करायचे म्हणून तू मला हसायचीस. ती मीच.

तुझ्या विहिरीचं पाणी मी तीन मार्चला तपासलं.

गोठ्याचं शेणमूत, शेतातलं खत जमिनीतून उतरून पाण्यात येतं, त्याला नायट्रेट म्हणतात. लिटरमागे पंचेचाळीस मिलिग्रॅमपर्यंत चालतं. यंत्र म्हणालं अडतीस. मी पुरता हिशोब न करता मनातल्या मनात वर थोडं घातलं आणि म्हटलं, असेल त्रेचाळीस-चव्वेचाळीस, बसतंय. तू दारात वाट बघत होतीस. रिद्धीला दिवस गेलेले, नळाला पाणी दोन दिवसांनी, आणि भावोजींच्या मागे तू एकटीने ती विहीर उपसून घेतलेली. मला तुला हो म्हणायचं होतं. पिण्यास योग्य, खाली माझी सही. तुझ्या कल्पेशने बदलापूरहून त्याला प्लास्टिक चढवून आणलं आणि तू ते विहिरीच्या खांबाला लावलंस. बारवी धरणापर्यंतच्या पाड्यांवरून बाया हंडे घेऊन येतात म्हणून किती कौतुकाने सांगायचीस. तेव्हा मी विषय बदलायचे. तो कागद आजच काढून टाक.

राजसी जन्मली, रिद्धीला दूध पुरेना, बाटली सुरू झाली, हे कळलं तेव्हाच मी सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. बारशाला आले तेव्हा सारखी तिची नखं बघत होते, कारण या पाण्याने तान्ह्या मुलांच्या रक्तातला जीव जातो आणि ओठ, नखं निळी पडतात. तू म्हणालीस, "बोटां काय मोजतंस पोरीची? पाचाची सहा नाय व्हायची." सगळे हसले, मीही हसले. मला नखं गुलाबी दिसली. पण तुम्ही माझ्या डोळ्यांवर विसंबू नका. उद्या सकाळी जयदेवांच्या गाडीने तिला बदलापूरला मुलांच्या डॉक्टरकडे न्या, सोबतची चिठ्ठी दाखवा, त्यांना कळेल. आणि तिचा रंग जरा जरी वेगळा वाटला तर सकाळचीही वाट बघू नका.

अजून एक आहे. निघताना मी बाटलीभर पाणी मागितलं, शिवमंदिरात अभिषेकाला हवं म्हणून. तू म्हणालीस, "महादेवाला आमचा पानी? मंग मीच काढून देतंय," आणि पोहरा स्वतः ओढलास. बाटलीच्या तोंडाला फडकंही बांधलंस. ताई, ते पाणी देवळात गेलं नाही. ते मी ठाण्याच्या एका लॅबला पाठवलं, जिथलं यंत्र धड आहे. त्यांचा रिपोर्ट काल आला. एकसष्ट.

रुचिका म्हणाली, पावसाने गोठ्याचं जास्त उतरलं असेल, मार्चमध्ये कमीच असणार. असेलही. मार्चमध्ये किती होतं ते आता कोणालाच कळणार नाही, आणि ते कळावं म्हणूनच तर लोक माझ्याकडे पाणी आणतात. मला देवाची भीती वाटत नाही एवढी त्या फडक्याची वाटते आहे.

आज सकाळी राजेश सरांना, लॅबच्या मालकांना, सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "मला अंदाज होता. विचारलं असतं तर तुम्ही सांगितलं असतंत, म्हणून मी विचारलं नाही." मग उठून त्यांनी यंत्राची पिन काढली. फेब्रुवारीपासूनचे रिपोर्ट मी बाजूला काढलेत. उद्यापासून आम्ही दोघं एकेकाला फोन करणार. कंपनीला उद्या दुसरं पत्र जाईल, त्यात माझी खरी तारीख आणि खाली सही. रुचिका म्हणाली, "तुम्ही पहिली टाका ताई, दुसरी माझी." बाकीचे बारा काय करतील ठाऊक नाही. नोकरीचं काय होईल, तेही नाही. पण तो कागद बाहेर पडण्याआधी तुम्हाला माझ्याकडून कळायला हवं होतं. कंपनीने दिवा दिला नाही, हा त्यांचा दोष आहे आणि मी त्यांच्याशी भांडणार आहे. वहीत पन्नास लिहिणारा हात त्यांचा नव्हता.

रविवारी पहिल्या गाडीने येते. बायका पाण्याला येतात त्या वेळी विहिरीवर थांबेन आणि प्रत्येकीला मीच सांगेन. तू माझी बाजू घेऊ नकोस. तुला घ्यावीशी वाटेल, म्हणून आधीच सांगून ठेवते.

रिद्धी, आता फक्त तुझ्यासाठी. हे मोठ्याने वाचलं नाहीस तरी चालेल. तू मला मावशी म्हणतेस आणि मी म्हटलं म्हणून तू ते पाणी घेतलंस. तुला माझा राग आला असेल तर तो योग्य आहे, आईंसाठी म्हणून गिळू नकोस. मी आले की उंबऱ्याबाहेर बसेन. राजसीला मी मांडीवर मागणार नाही. तू दिलीस तरच घेईन.

तुमची मावशी असं लिहायला आज हात होत नाही.

नुसती,
वेणू