आत्याची तिसरी फाईल

२३ सप्टेंबर, मंगळवार

फाईल शून्य बाइटची! गीताबाई आत्याचं दीड तासाचं बोलणं— माझ्या वडिलांनी, तिच्या थोरल्या भावानं, गावात सर्वांत आधी दीक्षा कशी घेतली, घरातले देव नदीत कसे सोडले ते— गेलं. आधीच्या दोन फाईली ठीक. तिसरी, खरी, रिकामी. पुतणी पौर्णिमानं विहारातल्या लॅपटॉपवर रेकॉर्ड केलं. ते थेट माझ्या घरच्या सर्व्हरवर जात होतं. पडद्यावर आलं, 'सेव्ह झालं'.

आत्यानं आधीच बजावलं होतं, "एकदाच सांगीन. परत इचारायचं नाय." चौदा ऑक्टोबरला विहारात ते ऐकवायचंय. पौर्णिमाला माहीत नाही.

२४ सप्टेंबर

सर्व्हरची डिस्क भरलेली. माझ्याच चाचण्यांनी. कंपनीचे प्रोग्राम तपासायला दिलेल्या मशीनवर घरचं सामान ठेवलं— आमच्या शेणवे गावात दुसरा सर्व्हर आहे कुणाकडे!

पण लॅपटॉप गप्प का राहिला?

२६ सप्टेंबर

सापडलं. लॅपटॉप लिहिलेलं आधी स्वतःजवळ ठेवतो, 'झालं' म्हणतो, मग सवडीनं सर्व्हरकडे पाठवतो. पाठवणं फसलं तर चूक नोंदवतो. पहिला जो विचारेल त्याला सांगतो— आणि नोंद पुसतो! रेकॉर्डिंगच्या प्रोग्रामनं शेवटी विचारलं, तोवर नोंद पुसलेली; उत्तर मिळालं, सगळं ठीक.

पहिला विचारणारा, मीच त्या लॅपटॉपवर बसवलेला पहारेकरी प्रोग्राम. दर मिनिटाला चुका विचारत फिरतो. त्याला कळलं होतं. लिहूनही ठेवणार होता— पण त्याची वही त्याच भरलेल्या डिस्कवर! हसू आलं. मग नाही आलं.

फाईली पाठवणारा प्रोग्राम आमच्याच कंपनीचा; त्यातली नोंद पुसणारी ओळ मीच लिहिली आहे. नऊ वर्षांपूर्वी.

२७ सप्टेंबर

सकाळी पंचशील म्हणताना चौथ्याशी अडखळलो. खोटं बोलण्यापासून अलिप्त राहीन. पुन्हा सुरुवात केली.

३० सप्टेंबर

ठाण्याहून दीपेशचा फोन. वयानं लहान, पण साहेब. "दादा, फाईल बंद करताना एरर दाखवली तर गिऱ्हाईकं बोंबलतील." म्हटलं, आज बोंबलत नाहीत कारण त्यांना ठाऊकच नाही. तो म्हणाला, "तेच तर बरंय ना!" हसला. मला नाही हसता आलं.

५ ऑक्टोबर

पौर्णिमा आली. "काका, मुरबाडवरून स्पीकर सांगितलाय. मोठा! आत्याआजी पुढच्या रांगेत बसणार." मी 'बरं' म्हणालो. फक्त बरं! दिवसभर ओट्यावरून आत, आतून ओट्यावर.

९ ऑक्टोबर

झालं. आता फाईल उघडून बसलेल्या प्रत्येकाला चूक वेगळी कळते. एकानं ऐकली म्हणून दुसऱ्याची पुसली जात नाही. मुद्दाम डिस्क भरून चाळीस वेळा लिहिलं, प्रोग्राम चाळीस वेळा ओरडला. दीपेशनं मान्य केलं— "गिऱ्हाईकांचे फोन तुमीच घ्यायचे, दादा."

संध्याकाळी पौर्णिमाला सांगितलं. रडली नाही. "सोळा दिवस? मशीनचं सोडा हो काका. तुमी का नाय बोललात?"



१२ ऑक्टोबर, रविवार

दोघं आत्याकडे गेलो. तांदूळ निवडत होती. सांगितलं. सूप खाली ठेवलं तिनं.

"गेलं ता बरंच झालं रे. पोरीसमोर मी खोटं बोलले. दीक्षा घेतल्यावर तुझ्या बापानं घरातले देव नदीत सोडले नव्हते. माळ्यावर हायेत. शिडी आण."