मशीन इकडे, रिमोट तिकडे

६ ऑक्टोबर २००३, सोमवार
काल दसरा झाला, आज आपला हंगाम सुरू. शटर उघडायच्या आधीच दोघं येऊन उभे. दोघांच्या पिशवीत व्हिडिओ गेम, दोन्हींच्या कॅसेटच्या खाचेत हळदकुंकू. कोयता पुजतात, शिलाई मशीन पुजतात, मोटरसायकल पुजतात, तसा गेमही पुजतात. पुजा ना, कोण नको म्हणतंय. पण ओलं कुंकू खाचेत कशाला?
त्यातला सापगाववाला म्हणाला, "थोडंसंच लावलं व्हतं."
थोडंसं. आत पिनांवर लाल चिखल.
संध्याकाळपर्यंत दोन्ही चालू करून दिले. शहापुरात टीव्ही दुरुस्त करणारे पुष्कळ आहेत, पण गेम आला की माझ्याकडे पाठवतात. उगाच नाही.

७ ऑक्टो., मंगळवार
धसईचे एक काका. नातवाचा गेम घेऊन एवढ्या लांब आले. उघडला तर पालीची अंडी. साफ केली, कॅसेटची पट्टी खोडरबराने घासली, स्पिरिट फिरवलं. काकांनी माझ्यासमोरच कॅसेट घेतली आणि फुंकर मारली. म्हटलं, थुंकी जाते आत, गंज धरतो. तर म्हणे, "फुंकल्याबिगर चालतच नाय ती." न फुंकता चालवून दाखवली. मान डोलावली, बरं म्हणाले, आणि जाताना परत फुंकलंच.

९ ऑक्टो., गुरुवार
दुपारी वहिनी आली. शेणव्याहून, एकटी. या दुकानात पहिल्यांदाच. खुर्ची पुसून दिली, चहा सांगितला. पिशवीतून गेम खेळायचे दोन रिमोट काढून काउंटरवर ठेवले. बघताक्षणी ओळखले. एकाच्या वायरीला मीच बांधलेली सायकलच्या ट्यूबची पट्टी अजून तशीच.
"बटणं दबत नाय. साफ कराल काय भावजी?"
"दादाने पाठवले?"
"मीच आणलं. त्यांना ठाव हाय."
दादा भिवंडीला लूमवर होता तेव्हा त्याने हा गेम आणला होता. शेतावरून आलो की हातपाय धुऊन आम्ही दोघं बसायचो. मग बाबा गेले, वाटणी निघाली, मध्ये मामा बसला. एक वस्तू ह्याला, एक त्याला. हंडा दादाला, घंगाळ मला. मामाला गेम म्हणजे काय ते कुठे ठाऊक? मशीन माझ्याकडे सरकवली, रिमोट दादाकडे. ही एकच वस्तू आहे, एवढं कोणीही बोललं असतं तरी भागलं असतं. पण मी माझ्या वाट्याचं शेत विकून हा गाळा घेणार म्हणून दादा फुगलेला, आणि तो फुगला म्हणून मीही. दोघं गप्प. तेव्हापासून दादा माझ्याशी बोलत नाही. शेत विकलं ते चुकलं असं मला आजही वाटत नाही.
मशीन दुकानातच आहे, टेस्टिंगला. गिऱ्हाइकांचे रिमोट लावून चालवतो. स्वतःचे काही घेतले नाहीत. बाजारात मिळत नाहीत असं थोडंच आहे.
वहिनीला म्हटलं, "होतील साफ. पण न्यायला दादा पाहिजे. दुसऱ्या कोणाच्या हातात देणार नाही."
"ते नाय यायचे."
"मग राहू दे इथेच."
बरा डाव टाकला. येणार तो. माझाच भाऊ आहे.

११ ऑक्टो., शनिवार
आज रिमोट उघडले. वाटलं होतं धूळ असेल, कोंडा असेल, फार तर मुंग्या. पाहतो तर कुंकू. बटणांच्या कडेला, रबरी पॅडच्या काळ्या ठिपक्यांवर, खाली सर्किटवर. आणि हे एका दसऱ्याचं नव्हे. तळाला काळपट, पापडी धरलेलं. त्यावर हळद. त्यावर पुन्हा कुंकू. सगळ्यात वर ह्या वर्षीचं, अजून लालभडक.
दरसाल पूजेत ठेवलेत. मशीन नसलेले रिमोट.
स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला आणि नुसता बसलो. रडू आलं. गिऱ्हाईक नव्हतं ते बरं.
सौ.ला घरी सांगितलं. म्हणाली, "वहिनींनी लावलं असेल." असेल. पण पूजेचं ताट मांडतो तो दादाच, हे मला माहीत आहे.

१३ ऑक्टो., सोमवार
दिवसभर तेच काम. बाकीचे गेम बाजूला. वरचं प्लास्टिक साबणाच्या पाण्यात, जुन्या टूथब्रशने. सर्किटला स्पिरिट, काडीला कापूस गुंडाळून. पॅडच्या काळ्या ठिपक्यांना मात्र स्पिरिट नाही, काळं निघून येतं; तिथे नुसतं कोरडं फडकं, हलक्या हाताने. हे इथे कोणी करत नाही, म्हणून तर त्यांचे रिमोट महिनाभरात परत येतात.
खरवडून काढलेलं कुंकू कागदावर जमलं. एरवी फुंकून टाकतो. आज फुंकवेना. दुकानातल्या देवाच्या फोटोखाली ठेवलं.
एकाचा डावीकडचा बाण अजून अडतोय.

१५ ऑक्टो., बुधवार
बाण सुटला. वायर प्लगजवळ तुटली होती, तीही जोडली. सगळी बटणं चोख.
वहिनीचा फोन, शेणव्याच्या बूथवरून. झालं का विचारायला. मीच उलट विचारलं, पूजेत कोण ठेवतं?
"तेच ठेवतात. कोयत्याच्या बाजूला. मी म्हटलं एकदा, चालत पण नाय, कशाला पुजता. तर म्हणाले, अर्धं हाय म्हून पुजायचं नाय काय?"
मी फोन तसाच कानाला धरून. बूथवाल्याचं मीटर चालूच.
"मीच घेऊन जाते भावजी. कापणी चालू हाय, त्यांना टाइम नाय."
द्यावेत असं वाटलं. खरंच वाटलं. पण म्हटलं नाही. आता तर मुळीच नाही.

१९ ऑक्टो., रविवार
कोणी आलं नाही. दिवाळी तोंडावर, गिऱ्हाईक भरपूर, हात भरलेले. शेणव्याची एस.टी. आली की मान मात्र बाहेर जाते. सौ.ला कळलं असावं. म्हणाली, "अडून बसायचा गुण दोघांत सारखाच वाटला गेला." बोलण्यात कोणी हिचा हात धरणार नाही.
येईल. कापणी उरकली की येईल.

२१ ऑक्टो., मंगळवार
दादा आला.
वहिनी पुढे, तो मागे. शेतातूनच निघालेला, केसांत भाताची कुसळं. कानापाशी पांढरा झालाय. माझ्याकडे न बघता वहिनीला म्हणाला, "त्याला इचार गो, झालं काय."
मी म्हटलं, "वहिनी, त्याला सांग, झालं. लावून बघ म्हणावं."
"इचार, चालतात काय नीट."
"सांग, मी केलंय म्हटल्यावर चालणारच."
वहिनी स्टुलावर बसली. "मी काय पोस्टमन हाय? तुमचं तुमी बघा." आणि चहा पिऊ लागली.
मशीन काढली. तिच्याकडे मात्र त्याने टक लावून पाहिलं. दोन्ही रिमोट लावले, टीव्ही चालू केला, रणगाड्यांची कॅसेट टाकली. एक त्याच्यासमोर सरकवला. घेईल असं वाटलं नव्हतं. घेतला. उभ्या उभ्याच खेळलो, काउंटरच्या दोन बाजूंनी. तो वर, मी खाली आपला किल्ला राखायला, पहिल्यापासून तसंच असायचं. नुसता बटणांचा टकटक आवाज. मग एक रणगाडा माझ्या बाजूने आत घुसला.
"डावीकडं बघ रे."
वहिनीला नाही. मला.
"बघतो," म्हटलं. उडवला.
डाव संपला. दादाने प्लग काढला, वायरी नीट गुंडाळल्या, रिमोट पिशवीत टाकले आणि वर मशीनही टाकली. माझ्या वाट्याची मशीन. मी म्हटलं, "वहिनी, त्याला सांग, ती माझी आहे."
तो पायरी उतरला होता. वळला नाही. "सांग त्याला, घर म्हाईत हाय त्याला."

२२ ऑक्टो., बुधवार
टेस्टिंगला मशीन नाही. तीन गिऱ्हाइकांना थांबवून ठेवलंय, थांबतील. सौ. म्हणते, "आपली वस्तू उचलून नेली आणि तुम्ही बघत राहिलात?" राहिलो खरा. वाईट नाही वाटलं, उलट सकाळपासून गुणगुणतोय.
रविवारी दुकान बंद ठेवून शेणव्याला जाणार, हे पक्कं. सौ.पण येते म्हणाली. अडलंय एवढंच, गेल्यावर मशीन मागायची की नाही. नाही मागितली तर गेलो कशाला म्हणून सांगायचं? आणि मागितली, आणि त्याने मुकाट्याने आणून हातात दिली, तर?